पंधरा वर्षांचा नोटीस पीरियड

नोटीस पीरियड किती दिवसांचा असतो? कुणाचा तीस, कुणाचा नव्वद. नव्वदवाल्यांची हालत तर विचारूच नका. नवीन कंपनीच्या एचआरला रोज फोनवर पटवत बसायचं, 'मॅडम, थोडं अ‍ॅडजस्ट करा ना!' तीन महिने म्हणजे आपल्याला युग वाटतं. आता एक असा आजार सांगते, जो यायच्या आधी चक्क पंधरा ते वीस वर्षांची नोटीस देतो. नोटीस वाचण्यासाठी एक साधी टेस्ट लागते. आणि तरीही २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा आजार झाला आणि सुमारे ८० हजार बायका त्याने गेल्या.

आजाराचं पुस्तकी नाव गर्भाशयमुखाचा कर्करोग. इंग्रजी पेपर वाचणाऱ्यांसाठी सर्व्हायकल कॅन्सर. आणि आपल्या घरी, गावाकडे, स्वयंपाकघरात दबक्या आवाजात जे नाव घेतलं जातं ते म्हणजे 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर'.

तुम्ही म्हणाल, ही सध्या आमची भानगड नाही. ओके. पण हे वाचणाऱ्यांपैकी किती जण हिंजवडीत किंवा ऐरोलीत बसून वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव, मानोऱ्याकडे दिवाळीची ट्रॅव्हल्स बुक करतात? तुमचं वय सत्तावीस-अठ्ठावीस. म्हणजे आईचं वय पन्नाशीच्या आगेमागे. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये तुम्ही आईबाबांची नावं टाकली असतील. बाबांची शुगर, आईचा बीपी, दोघांचं कोलेस्टेरॉल हे सगळं कधीतरी तपासलं असेल. पण आईच्या पिशवीच्या तोंडाची तपासणी? २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांमागे दोघींनीही ही तपासणी आयुष्यात एकदा केलेली नव्हती. तेव्हा आईने केली नसण्याचीच शक्यता जास्त. आणि तुमच्यापैकी ज्या तिशीला टेकल्या आहेत, त्यांनीसुद्धा.

व्हायरस येतो, आणि बहुतेक वेळा जातोही

हा कॅन्सर बहुतांशी एका व्हायरसमुळे होतो. नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, शॉर्टमध्ये एचपीव्ही. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउझन यांच्या टीमला १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये याचा १६ नंबरचा प्रकार सापडला, पुढच्या वर्षी १८ नंबरचा. त्याबद्दल त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. या व्हायरसचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. बरेचसे निरुपद्रवी, काही हातापायांवर चामखीळ आणणारे. खरे डेंजरस डझनभर. त्यातही १६ आणि १८ ही जोडी जगातल्या सुमारे ७० टक्के केसेसना जबाबदार आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा व्हायरस शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका कॉमन आहे, की संबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. पत्ताही लागत नाही. ना ताप, ना खाज, ना दुखणं. शंभर जणींना तो झाला तर साधारण नव्वद जणींचं शरीर दोन वर्षांच्या आत त्याला हाकलून देतं. गोळी नाही, इंजेक्शन नाही. आपली रोगप्रतिकारशक्ती, म्हणजे लाडकी 'इम्युनिटी', हे काम गुपचूप उरकते.

मग उरलेल्या दहा जणींचं काय होतं? इथे व्हायरसची चलाखी बघा. तो रक्तात उतरतच नाही. कातडीच्या बारीकशा चिरेतून आत शिरतो आणि सगळ्यात खालच्या थरातल्या पेशींमध्ये मुक्काम ठोकतो. पेशी फोडत नाही, सूज आणत नाही. शरीराची पहारेकरी यंत्रणा साधारण आरडाओरडा झाला की धावून येते, आणि हा पठ्ठ्या आरडाओरडा होऊच देत नाही. ऑफिसात कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारा एखादा जण असतो ना, जो वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातच येत नाही? तसा.

त्याला शोधून काढण्याचं काम टी-पेशी नावाच्या सैनिकांचं असतं. त्यांना तो सापडला नाही तर तो ठाण मांडतो. त्याची दोन प्रथिनं आहेत, ई-६ आणि ई-७. पेशी वेडीवाकडी वाढू नये म्हणून शरीराने बसवलेले दोन ब्रेक ही प्रथिनं निकामी करतात. ब्रेक गेलेल्या पेशी हळूहळू बदलतात. आधी थोड्या, मग जास्त. 'कॅन्सर' म्हणण्याजोगी अवस्था यायला पंधरा ते वीस वर्षं जातात. आपला नोटीस पीरियड तो हाच. यातल्या बऱ्याच काळात बदललेल्या पेशी गोठवून किंवा काढून टाकता येतात, तेही बाईला अ‍ॅडमिट न करता.

इम्युनिटी कमजोर असेल तर नोटीस आखडते. एचआयव्ही असलेल्या आणि उपचार न घेणाऱ्या बाईमध्ये हाच प्रवास पाच ते दहा वर्षांत होऊ शकतो. एचआयव्ही असलेल्या बायकांना या कॅन्सरचा धोका सहापट असतो, म्हणूनच त्यांची तपासणी पंचविशीपासून आणि कमी अंतराने करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सिगरेटनेही गर्भाशयमुखातली ही पहारेकरी यंत्रणा ढिली पडते. वीकेंडला 'फक्त सोशल स्मोकिंग' करणाऱ्या मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी!

धाराशिवच्या बायकांनी जगाला शिकवलं

२०१८ मध्ये नीती आयोगाने देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची यादी काढली. नाव मात्र गोड, 'आकांक्षित जिल्हे'. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात होते: वाशिम, गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव. वाशिमचा हा यादीतला भाऊबंद या कॅन्सरच्या बाबतीत जगाच्या नकाशावर आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

त्याची सुरुवात शेजारच्या बार्शीत झाली. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलशी जोडलेली, ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरायचे, बायकांशी बोलायचे, कोणत्या लक्षणांना घाबरायला हवं ते समजावायचे. काही वर्षांत दिसलं असं, की या भागातल्या बायका आधीपेक्षा लवकरच्या स्टेजला दवाखान्यात यायला लागल्या. मशीन नाही, औषध नाही, नुसत्या बोलण्याचा हा परिणाम.

मग आला मोठा प्रयोग. बार्शीचं हे हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ५२ ग्रामसमूहांमधल्या, तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी बायकांना अभ्यासात घेतलं. चार गट केले. एका गटाची एचपीव्ही टेस्ट, दुसऱ्याची पॅप टेस्ट, तिसऱ्याची व्हीआयए, म्हणजे पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून डोळ्यांनी केलेली तपासणी. चौथ्या गटाला नेहमीची सरकारी सेवा आणि माहिती, बस.

आठ वर्षांनी हिशेब झाला आणि एप्रिल २००९ मध्ये तो 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. एचपीव्ही टेस्टच्या गटात ३४ बायका या कॅन्सरने गेल्या होत्या. तपासणी न झालेल्या गटात ६४. पुढच्या स्टेजचे कॅन्सर एकीकडे ३९, दुसरीकडे ८२. टेस्ट किती वेळा झाली होती? आयुष्यात एकदा! फक्त एकदा केलेल्या टेस्टने मृत्यूचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणलं. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये म्हणावी तशी घट दिसली नाही. एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्या बाईला पुढच्या काळात कॅन्सर होण्याचं प्रमाणही फार कमी होतं. पॅप किंवा व्हीआयए निगेटिव्ह आलेल्यांमध्ये ते चौपटीहून जास्त निघालं.

व्हीआयए मग टाकाऊ का? मुळीच नाही. मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांच्या अभ्यासात टाटा मेमोरियलने ती दर दोन वर्षांनी, चार वेळा केली. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी केलेल्या या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. फरक एवढाच, की स्वस्तातली टेस्ट पुन्हा पुन्हा करावी लागते.

आणि त्या चौथ्या गटातल्या ६४ जणी? त्यांना टेस्ट का दिली नाही, हा सवाल नंतर बराच गाजला. यावर वाद घालता येईल. पण एक गोष्ट नक्की. मराठवाड्यातल्या शेतकरी बायकांनी दिलेल्या उत्तरावर जगभरातली धोरणं ठरवायला मदत झाली. जागतिक आरोग्य संघटना आज तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही टेस्ट करा असं सांगते. आणि वाशिमच्या बाईला या टेस्टचं नावही कुणी सांगितलेलं नसतं.

स्टेज विचारा, नशीब नको

'वाचेल का हो?' कॅन्सर म्हटल्यावर नातेवाईक डॉक्टरांना पहिलं हेच विचारतात. या आजारात उत्तर बरंचसं स्टेजवर असतं. पहिल्या स्टेजला सापडला तर शंभरातल्या ऐंशी ते नव्वद जणी पाच वर्षांनंतरही असतात. चौथ्या स्टेजला जेमतेम वीस, कधी त्याहून कमी.

मधल्या स्टेजलाही हात टेकायचे नाहीत. टाटा मेमोरियलमध्ये २००३ ते २०११ दरम्यान तिसऱ्या स्टेजच्या, नेमकं सांगायचं तर थ्री-बीच्या, ८५० बायकांचा अभ्यास झाला. नुसत्या रेडिएशनवर पाच वर्षांनी ४६ टक्के जणी होत्या. त्याच रेडिएशनबरोबर दर आठवड्याला सिस्प्लॅटिन नावाचं जुनं, स्वस्त औषध दिलं तेव्हा ५४ टक्के. म्हणजे तिसऱ्या स्टेजलाही निम्म्याहून जास्त. मात्र त्यासाठी कोर्स पूर्ण करावा लागतो. वाशिमहून अकोला, नागपूर किंवा मुंबई गाठून काही आठवडे राहायचं, मागे सोयाबीन काढायला आलेलं, घरात म्हातारी माणसं. कोर्स अर्धवट सुटतो तो अशा कारणांनी. तेव्हा पोराने पाठवलेल्या पैशांपेक्षा पोराने काढलेली रजा जास्त कामाची ठरते.

इम्युनिटी इथेही पाठ सोडत नाही. गाठीमध्ये टी-पेशी मोठ्या संख्येने शिरलेल्या दिसल्या तर अशा बाईचं पुढचं भविष्य साधारणपणे बरं असतं, असं अभ्यासांत दिसलंय. कॅन्सर अनेकदा या पेशींचे हात बांधून ठेवतो. ते सोडवणारी इम्युनोथेरपीची औषधं आता आली आहेत. पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाच्या २०२१ मध्ये छापून आलेल्या चाचणीत, उलटलेल्या किंवा शरीरात पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये दोन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेलं. मोठी गोष्ट आहे. पण औषध प्रचंड महाग आहे. लाखो रुपये खर्चून शेवटी जी इम्युनिटी जागी करायची, तिची चुकलेली शिकार वीस वर्षं आधी एका टेस्टने पकडता आली असती, हे विसरू नका.

लस : अपघाताने सापडलेला एक डोस

प्रतिकारशक्तीला व्हायरस यायच्या आधीच तयार करणं म्हणजे लस. लसीत व्हायरसचं नुसतं रिकामं कवच असतं, आत काहीच नाही. त्यामुळे लसीने संसर्ग होत नाही. पण कवच दंडातून थेट शरीराच्या नजरेस पडतं आणि खऱ्या संसर्गात तयार होतात त्यापेक्षा कितीतरी जास्त अँटिबॉडीज बनतात.

इथेही आपल्याकडचाच किस्सा आहे. २००९ मध्ये देशातल्या काही केंद्रांवर, त्यात पुणे आणि बार्शीही, दहा ते अठरा वर्षांच्या मुलींवर दोन डोस पुरतात की तीन लागतात याचा अभ्यास सुरू झाला. एप्रिल २०१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमधल्या एका वेगळ्याच लस प्रकल्पावरून वाद पेटला आणि सरकारने सगळीकडचं लसीकरण थांबवलं. जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्यांनाही सोडलं नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले. २०२१ मध्ये निकाल आला: १६ आणि १८ नंबरच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसने ९५ टक्के संरक्षण दिलं होतं, दोन-तीन डोसांइतकंच! अशा पुराव्यांवरून २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नऊ ते वीस वयोगटासाठी एक डोसही चालेल असं सांगितलं. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' लसीला परवानगी मिळाली, नऊ ते सव्वीस वयाच्या मुलींसाठी आणि हो, मुलांसाठीही.

लस शरीरात आधीच असलेला व्हायरस काढत नाही. म्हणून ती जितकी लहानपणी घेतली तितकी भारी. तुमची भाची, पुतणी, धाकटी बहीण नववी-दहावीत असेल तर गावच्या आशाताईंना आजच विचारा. आणि लस घेतलेल्यांनाही तिशीनंतर टेस्ट चुकत नाही.

फोनवर काय बोलायचं?

खरी अडचण इथे आहे. 'आई, तुझी तपासणी करू या' म्हटलं की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "मले काई झालं नाई बाप्पा, काहून फालतू पैसे घालवतं?" आणि मुलाने आईशी 'त्या जागेबद्दल' बोलायचं? बहिणीला सांगा, वहिनीला सांगा, मावशीला मध्ये घाला. किंवा सरळ म्हणा, 'पिशवीच्या तोंडाची तपासणी, पाच मिनिटांचं काम.' शब्द उच्चारला की निम्मी लाज गळून पडते.

आईला तीन गोष्टी विचारून घ्या. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जातं का? संबंधांनंतर रक्त जातं का? अंगावरून वास येणारं पांढरं जातं का? यातलं काहीही असेल तर दिवाळीची वाट बघू नका. कॅन्सरच असेल असं नाही, पण दाखवायला हवं. काहीच नसेल तरी तिशी ते पासष्टीदरम्यान तपासणी हवीच. सरकारी कार्यक्रमात ती व्हीआयए पद्धतीने होते. जमत असेल तर खासगी लॅबमध्ये किंवा मोठ्या शहरात स्पष्ट शब्दांत 'एचपीव्ही डीएनए टेस्ट' मागा. नुसत्या 'लेडीज पॅकेज'मध्ये ती असेलच असं गृहीत धरू नका.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर दोन चुका टाळायच्या. पहिली चूक, चारित्र्यावर बोट. व्हायरस पंधरा वर्षांपूर्वीचा असू शकतो, नवऱ्याकडूनही आलेला असू शकतो. कुणाकडून, कधी, हे कोणतीही लॅब सांगू शकत नाही. आणि पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. उस्मानाबादच्या अभ्यासात शंभरातल्या साधारण दहा जणी पॉझिटिव्ह आल्या होत्या. त्यातल्या फार थोड्यांना कॅन्सर निघाला.

दुसरी चूक त्याहून महागात पडते, ती म्हणजे 'कटकट नको, पिशवीच काढून टाका.' बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या बाबतीत काय झालं ते २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. सरकारी पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या, कितीतरी जणी ऐन तिशी-चाळिशीतल्या. 'नाहीतर कॅन्सर होईल' ही भीती अनेकींना घालण्यात आली होती. तेव्हा पॉझिटिव्ह आल्यावर पुढची पायरी कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून तपासणी. गरज वाटली तर तुकडा तपासायला पाठवतात, आणि बदललेल्या पेशी असतील तर तेवढ्याच काढतात. कुणी थेट ऑपरेशनची तारीख दिली तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. कॅन्सर निघालाच तर नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर हॉस्पिटल आहे, मुंबईचं टाटा आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. आईचं रेशनकार्ड आणि आधार हाताशी ठेवा.

या दिवाळीला आईसाठी साडी घ्यालच. रजेच्या अर्जात मात्र एक दिवस जास्तीचा टाका, आणि तो भाऊबीजेच्या नंतरचा ठेवा. त्या दिवशी दवाखाने उघडलेले असतात.